खंजेरी भजनाचे १६ पोट्टे घेऊन ठाण्याला जायचं आहे, कोणी असं नेलं असेल तर सांगा

पेटीवाला_नंदनवन:

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या मागच्या वस्तीत दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात सामुदायिक प्रार्थना होते आणि त्यानंतर पोरांचं खंजेरी भजन. मी पेटी वाजवतो. दिवसा हार्डवेअरच्या दुकानात असतो, भजन संध्याकाळचं. मंडळात १६ मुलं आहेत, सगळ्यात लहान ११ चा आणि सगळ्यात मोठी १७ ची, त्यात ५ मुली.

तर झालं असं की ठाण्याला आपल्या विदर्भाकडचे बरेच लोक राहतात, त्यांच्या एका गणपती मंडळानं पाचव्या दिवशी संध्याकाळी आमचं भजन ठेवलं आहे. कोणीतरी देवळातला व्हिडिओ तिकडे फॉरवर्ड केला होता म्हणे. राहणं जेवण त्यांचं, जाण्यायेण्याचा खर्च आमचा, वरून १५ हजार मानधन. पोट्टे हवेत आहेत. त्यातल्या ११ जणांनी वर्ध्याच्या पुढची गाडी पाहिली नाही, एकानं मला विचारलं की समुद्र स्टेशनवरून दिसते का.

आता माझ्या अडचणी. एक, तिकिटं कशी काढायची, मोठी माणसं धरून १९ जण, गणपतीचे दिवस. दोन, सामान. एक पेटी, तबल्याची जोडी, सहा खंजेऱ्या, टाळाच्या चार जोड्या. मागच्या साली बाजूच्या जिल्ह्यात गेलो होतो ट्रॅव्हलर करून, तिथल्या मंडळानं रात्री १ वाजता स्टेज दिलं आणि येताना एका खंजेरीवर कोणाचा तरी जेवणाचा डबा ठेवल्या गेला, कडं मधून तडकलं. जाऊ द्या. तीन, तिकडे म्हणे हवा ओली असते आणि कातडं ढिलं पडते. चार, आणि हे सगळ्यात मोठं, आमचा मुख्य गायक १४ चा आहे, दिवाळीपर्यंत काळी ५ मध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, असा लावायचा की मागच्या गल्लीतल्या काकू गॅस बंद करून ऐकायला यायच्या, जुलैपासून त्याचा आवाज फुटला. वरचा सा लावायला गेला की कोंबडा निघते, मग बाकीचे हसतात आणि तो खंजेरी ठेवून बाहेर जाऊन बसते. त्याला न्यायचं तर आहेच. पण गायला कोणाला लावू?

पाचवी अडचण म्हणजे आठ पालक म्हणून राहिले आम्हीबी येतो.

---

अजनीचा_बाबू:

३१ वर्षं रेल्वेत तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, आता रिटायर. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो, बाकी देवावर.

एका तिकिटावर ६ च प्रवासी बसतात, खिडकीवरही आणि मोबाईलवरही. १९ म्हणजे चार तिकिटं, आणि चार माणसं चार मोबाईल घेऊन बसली की एकाचे कन्फर्म, दुसऱ्याचे वेटिंग, अर्धी पोरं एस २ मध्ये आणि अर्धी एस ९ मध्ये. म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करा, सोबत सगळ्यांची नावं, वय, मुलगा की मुलगी अशी यादी, आणि आरक्षण केंद्रावरच्या मुख्य पर्यवेक्षकाला जाऊन भेटा. ग्रुपचं बुकिंग तिथून होते. यादी टाईप केलेली न्या, हातानं लिहिलेल्या यादीत माझ्या हातून एका म्हाताऱ्याचं वय ७ पडलं होतं. आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होते, पहिले १२० होते ते नोव्हेंबर २०२४ पासून बंद झालं, आणि गणपतीच्या गाड्या त्या ६० व्या दिवशी सकाळीच भरतात. तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. येतानाचं तिकीट पण त्याच दमात काढायचं, लोक जायचं काढतात आणि यायचं विसरतात.

११ वर्षांचा तुमचा पोट्टा ५ ते १२ मध्ये येते. त्याला बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं, अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. रात्रभराचा प्रवास आहे, पूर्ण काढा, कंजूषी करू नका.

सामानाचं म्हणाल तर स्लीपरमध्ये माणशी ४० किलो फुकट असते, वजनात तुम्ही कुठेच अडत नाही. अडते ते आकारात. १०० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच याच्यापेक्षा मोठी पेटी डब्यात नेता येत नाही, ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, बुक करा म्हणतील. तुमची पेटी लांबी रुंदीत बसते, उंचीत जराशी वर जाईल. आजवर मी हार्मोनियमवाल्याला कोणी अडवलं असं पाहिलं नाही पण ती सीटखाली ढकलू नका, खालून कोणी पाणी सांडते कोणी चहा. सगळ्यात वरचा एक बर्थ वाद्यांना द्या आणि तिथे तबला वाजवणाऱ्या पोराला वाद्यांसोबत झोपवा.

गाडी विदर्भ एक्सप्रेस घ्या. संध्याकाळी इकडून निघते, सकाळी तिकडे, आणि ठाण्याला थांबते. दुरांतोनं गेले तर मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनला उतरून लोकलनं उलटं यावं लागते, सकाळच्या गर्दीत तबला डोक्यावर घेऊन. मजा येईल, पण तुम्हाला नाही.

---

तिवसा_कडचा:

भाऊ मी गुरुकुंज मोझरीच्या जवळचा, आमच्या घरी तीन पिढ्या खंजेरी हाये. तुमी काऊन येवढे घाबरून राहिले? तुकडोजी महाराज १९५५ साली जपानले गेले विश्वधर्म परिषदेत, थ्या काळात, अन् तुमाले ठाणं दूर वाटून राहिलं.

कातड्याचं सांगतो. आपल्या इकडं उन्हाळ्यात कातडं येवढं ताणते का टणटण वाजते, तवा आपण ओलं फडकं फिरवतो. तिकडं उलटं. मुंबईच्या हवेत कातडं पाणी पेते, मंग थाप मारली का भाकरीवर मारल्यासारखं वाजते. शेकाव लागते. पण शेकाव म्हणजे जाळावर धरू नये बापा, आमच्या एका पोट्ट्यानं पेपर पेटवून धरली अन् मधातून फाटली, बरोबर भजनाच्या पाच मिनिटं आधी. मंडपात त्यो मोठा पिवळा हॅलोजन रायते ना, त्याच्यापासून हातभर दूर धरा, फिरवत रहा, तळहात लावून पहा, तळहाताले सोसलं तर कातड्याले सोसते. दोन खंजेऱ्या प्लास्टिक पानाच्या घेऊन ठेवा, थ्याले हवेचं काई नाई. आवाज बरोबर नाई येत, पत्र्यावानी येते, पण अडीनडीले चालते. मी सोता कातड्याचीच वाजवतो.

अन् एक महत्त्वाचं. जुन्या मानसाची दिलेली खंजेरी असन तर कातडं कायचं हाये थे इचारून घ्या. बकरीचं असन तर काई नाई. पण घोरपडीचं असन तर घरीच ठेवा, वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत हाये, प्लॅटफॉर्मवर कोनी पाहिलं अन् तक्रार केली तर पोट्ट्यांसमोर तमाशा होईन.

भगवी टोपी अन् पांढरा सदरा पायजमा दोन दोन जोड द्या. पोट्टे एका रात्रीत गाडीत सदऱ्याचं पोतेरं करते.

---

पेटीवाला_नंदनवन:

अजनीचे काका, तुमचं वाचून मी आज दुपारीच जेवणाच्या सुट्टीत लेटरहेड छापायला टाकलं. मंडळाला लेटरहेडच नव्हतं. तिवसावाले भाऊ, घोरपडीचं तुम्ही बरं आठवलं, आमच्या आजोबांची एक आहे, तिचं कातडं खवल्याखवल्याचं दिसते. ती बाहेर काढतच नाही आता.

आवाजाचं कोणीच नाही बोललं.

---

वर्ध्याची_ठाणेकर:

मी १४ वर्षांपासून ठाण्यात, माहेर वर्धा. आवाजाचं मला कळत नाही पण जागेचं सांगते. तुम्हाला संध्याकाळची वेळ दिली म्हणता ना, ती लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, काही ठराविक दिवसांनाच १२ पर्यंत सूट असते, तो पाचवा दिवस त्यात आहे की नाही ते मंडळाला माहीत असतं. नाहीतर काय होतं की आरती, मग बक्षीस समारंभ, मग कोणीतरी नगरसेवक येतो त्याचा सत्कार, आणि साडेनऊला तुम्हाला म्हणतात २० मिनिटात आटपा. तुमच्याकडे पाऊण तासाचं असेल तर १५ मिनिटांचंही एक बसवून ठेवा, आणि कोणती भजनं गाळायची ते गाडीतच ठरवा, स्टेजवर कानात कुजबुजत नाही.

माईकचं विचारा. इथे बहुतेक ठिकाणी दोन माईक असतात, एक गाणाऱ्याला आणि एक निवेदकाला, आणि निवेदक त्याचा सोडत नाही. पेटीला एक, तबल्याला एक, गाणाऱ्याला एक आणि मागच्या पोरांमध्ये एक असे चार लागतील असं आजच सांगा.

आणि खाण्याचं. पोरांना सकाळी उतरल्या उतरल्या वडापाव मिळेल, त्यात सांबार शोधतील, तिथे सांबार म्हटलं की इडलीचं आणून देतात 😄 माझ्या नवऱ्याला लग्नानंतर दोन वर्षं कळलं नव्हतं मी कोथिंबिरीबद्दल बोलते म्हणून. इथलं तिखट पण त्यांना गोड लागेल. एक डबा ठेचा आणा.

---

धरमपेठची_लेक_टेक्सास:

मी गेली ९ वर्षं सॅन अँटोनियोला आहे आणि हा धागा वाचताना मला सारखं हसू येतंय, कारण मागच्याच महिन्यात मी हेच सगळं केलं, फक्त खंजेरीऐवजी व्हायोलिन होतं. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या मारियाची ग्रुपमध्ये आहे. तुमच्यापैकी कोणी ऐकलं नसेल तर, हे मेक्सिकोचं संगीत, मूळचं पश्चिमेकडच्या हालिस्को भागातलं, २०११ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. इथे टेक्सासमध्ये मेक्सिकन लोक इतके आहेत की शाळेत बँड असतो तसा मारियाचीचा वर्ग असतो, माझ्या शहरात तर पन्नासहून जास्त वर्षं शाळेतून शिकवतात. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार, विउएला म्हणून फुगीर पाठीची पाच तारांची छोटी गिटार आणि गितार्रोन म्हणून एक अवाढव्य पोटाची सहा तारांची, जिला पडदेच नसतात आणि एकावेळी दोन तारा ओढून खर्ज धरायचा असतो. वाजवणारेच गातात. समोर काठी हलवणारा कोणी नसतो, एकमेकांकडे बघून वाजवायचं. आपल्या भजनासारखंच, म्हणून मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं.

तर आम्ही २२ मुलं बसने ह्यूस्टनला नेली, साडेतीन तास. त्यातून तुमच्या कामाचं सांगते.

प्रत्येक वाद्याला एक मूल नेमलेलं. ते वाद्य त्या मुलानेच उचलायचं, आईने नाही, सरांनी नाही. गितार्रोन वाजवणारी मुलगी त्या वाद्यापेक्षा थोडीच उंच आहे, दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसमध्ये चढली आणि मी मदत करायला गेले तर सरांनी मला नुसतं डोळ्यांनी मागे बसवलं. बस सुटण्याआधी, उतरल्यावर, कार्यक्रमानंतर, अशा तीन वेळा सगळ्यांनी आपापलं वाद्य डोक्यावर धरून उभं राहायचं आणि सर मोजतात. माणसं मोजायची गरजच पडत नाही, वाद्याखाली मूल असतंच.

कपडे प्रवासात घालू द्यायचे नाहीत. त्यांचा चार्रो सूट असतो, पँटच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून पायापर्यंत चकचकीत धातूची बटणं, एक तुटलं की लांबून दिसतं. सगळे सूट झाकून एका दांड्यावर टांगलेले, वर नावाची चिठ्ठी. सुईदोरा माझ्याकडे होता आणि मी त्या दिवशी सात बटणं टाकली.

आणि आवाज. आमच्या ग्रुपमधल्या दोन मुलांचा आवाज फुटला होता. सरांनी काय केलं, मुख्य गाणं एका मुलीला दिलं आणि त्या दोघांना खालच्या सुरात साथ. शिवाय मारियाचीत मध्येच जोरात आरोळी ठोकतात, ग्रितो म्हणतात त्याला, ते काम त्यांना दिलं. आरोळीत आवाज फाटला तर उलट टाळ्या पडतात. तुमच्या भजनात मध्येच जयघोष असतोच की. तो त्याला द्या ना.

---

तिवसा_कडचा:

ताई जयघोष देनं चांगलं सांगितलं पण आवाज फुटलेल्या पोट्ट्याले वरडायले लावू नका सहा महिने. आमच्या इथं एकाचा तसा कायमचा बसला. हळू आवाजात गाऊ द्या, वरडू देऊ नका.

---

धरमपेठची_लेक_टेक्सास:

हो दादा, तेही खरं. आमच्या सरांनी एका कार्यक्रमात दोनच आरोळ्या ठरवून दिल्या होत्या, हे लिहायचं राहिलं.

---

तबल्याची_शाई:

सुराबद्दल मी लिहितो, मी नागपूरच्या महाल भागात तबला शिकवतो. मुलगा काळी ५ वरून उतरून हळूहळू काळी १, काळी २ कडे जाईल, वर्षभर तरी कुठे थांबेल सांगता येत नाही. त्याच्यासाठी सगळ्यांना खाली आणलं तर तुमच्या ५ मुली आणि लहान पोरं खर्जात गुदमरतील. आणि काळी ५ चा दाया (उजव्या हाताचा तबला) तुम्ही काळी १ पर्यंत उतरवूच शकत नाही, वादी (कातड्याची दोरी) ढिली होऊन नुसता खळखळेल, त्याला मोठ्या तोंडाचा वेगळा दाया लागतो. म्हणजे अजून एक वाद्य. त्यापेक्षा १७ ची जी मुलगी आहे तिला काळी ४ मध्ये गायला लावा, तेवढा दाया सहज उतरतो, आणि मुलाला खंजेरी द्या. आवाज गेला तरी हात तर गेला नाही ना?

ठाण्याला पोचल्या पोचल्या तबला खोलीत कपड्यातून बाहेर काढू नका, आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मंडपातच सुरात मिळवा, खोलीत मिळवलेला मंडपात उतरतो. हातोडी विसरू नका. सगळे तबला आणतात आणि हातोडी विसरतात, मग नारळ फोडायच्या दगडानं ठोकतात. मी पाहिलं आहे.

---

आई_मानेवाडा:

पुरुष मंडळींनी कातडं, तबला, बर्थ सगळं सांगितलं, ५ मुली आहेत त्याचं कोणी एका ओळीत पण नाही लिहिलं. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी लेझीमच्या चमूत दुसऱ्या शहरात गेली होती. आयोजकांनी मुलींना जी खोली दिली तिची आतली कडीच लागत नव्हती. सोबत एकच बाई होत्या त्या रात्रभर दाराला खुर्ची लावून बसल्या, आणि सकाळी तशाच कार्यक्रमाला. मुलीनं मला हे तीन महिन्यांनी सांगितलं.

म्हणून, जायच्या आधी जागेचा व्हिडिओ कॉल करा. खोली, दार, कडी, बाथरूम, बाथरूमची कडी. लाज वाटत असेल तर माझ्याकडे नंबर द्या मी करते. बाया दोन पाहिजेत, एक आजारी पडली तर दुसरी. पॅडचं एक पाकीट त्या बाईंकडे राहू द्या आणि मुलींना आधीच सांगा की आहे, मागावं लागू नये. ओआरएस, तापाची गोळी, उलटीची गोळी. प्रत्येक मुलाच्या खिशात मंडळाच्या दोन मोठ्यांचे नंबर कागदावर, मोबाईलमध्ये नाही, मोबाईल बंद पडतो. संध्याकाळी समुद्र दाखवायला न्याल तर भरतीची वेळ बघून न्या आणि पाण्यात कोणी उतरायचं नाही हे नागपूरलाच सांगा.

आठ पालक अजिबात नेऊ नका. मी आई आहे तरी सांगते. पालक गेले की ते आपलंच मूल बघतात, स्वतःच्या पोरीला पुढे उभं करा म्हणून भांडतात आणि गाडीत खिडकीची जागा मागतात. दोन आया न्या, त्याही ज्यांचं मूल मागे टाळ वाजवतं अशा.

---

पेटीवाला_नंदनवन:

ताई तुमचं वाचून मी दोनदा खाली ठेवला फोन. व्हिडिओ कॉल केला. कडी होती, पण बाथरूमचा दिवा नव्हता, मंडळवाले म्हणे लावतो. लावल्याचा फोटो पाठवा म्हटलं तर त्यांना जरा राग आला, आला तर आला.

पालकांची मीटिंग घेतली देवळात. चहा सांगितला आणि तुमचंच वाचून दाखवलं, नाव न सांगता. टाळवाल्या पोरांच्या दोन आया निघाल्या. एका बापानं विचारलं, मी का नाही, मी म्हटलं तुम्ही चांगले तुमचा पोट्टा पुढे आहे म्हणून. त्यावर तो हसला, त्यानं पुढच्या दिवशी पोराच्या हाती २ किलो फल्लीची चिक्की पाठवली गाडीसाठी.

गायकाचं. मी त्याला एकट्याला दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं की १७ ची ताई गाईल, तू मुख्य खंजेरी. काहीच बोलला नाही. मग म्हणे, दोन खंजेऱ्या वाजवून पाहू का एकदम. मी म्हटलं पहा.

---

अजनीचा_बाबू:

ग्रुपचं तिकीट झालं का?

---

पेटीवाला_नंदनवन:

झालं काका. १९ च्या १९ एकाच डब्यात नाही, १३ आणि ६, पण डबे लागूनच आहेत. तिकिटावरच्या बाईंनी तुमचं नाव विचारलं, मी म्हटलं ते नेटवरचे आहेत, त्यांना काही समजलं नाही.

---

पेटीवाला_नंदनवन:

परवा सकाळी परत आलो, अपडेट देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काम झालं आणि गायब.

जाताना वर्ध्यापर्यंत पोट्टे खिडकीत, बडनेऱ्यापर्यंत डबे संपले, अकोल्याला सगळे झोपले, फक्त तबलेवाला वरच्या बर्थवर पाय पोटाशी घेऊन जागा, त्याला सांगितलं होतं ना वाद्य सांभाळ म्हणून. टीसीनं तिकीट बघून वर पाहिलं आणि पेटीकडे बोट दाखवून विचारलं याच्यात काय आहे. उघडून दाखवली. भाता उचलून पाहिला त्यानं, एक सूर दाबला, नुसता, आणि गेला पुढे.

टेक्सासच्या ताईंचं वाद्य डोक्यावर धरायचं मी प्रत्येक ठिकाणी केलं. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी सकाळी १६ पोट्टे डोक्यावर खंजेऱ्या, टाळ धरून उभे, लोक फोटो काढून राहिले. तबला डोक्यावर जड झाला म्हणून त्याला खांद्यावर धरायची सूट दिली.

पाऊस होता दिवसभर. खंजेऱ्या दुपारी अशा मऊ पडल्या की काही विचारू नका, सहाही हॅलोजनसमोर धरून सहा पोट्टे अर्धगोल उभे, तळहात लावून लावून पाहत, मंडपवाला म्हणे ही शेकोटी कशाची. वाजल्या बरोबर. प्लास्टिकच्या दोन नेल्या होत्या त्या पिशवीतच राहिल्या.

ठाणेकर ताई, तुमचं शब्दाला शब्द झालं. साडेसातची वेळ लेखी होती, ९:३० ला स्टेज मिळालं, सत्कार तीन झाले. १० ला बंद म्हणून आम्हाला अर्धा तासच मिळाला. गाडीतच ठरलेलं असल्यानं पोरांनी दोन भजनं गाळली आणि कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. १७ च्या पोरीनं काळी ४ मध्ये लावला, पहिल्या दोन ओळीत जरा दबली, मग सुटली. आमचा १४ चा दोन्ही हातात दोन खंजेऱ्या घेऊन, मधलं सगळं थांबलं तेव्हा त्यानं एकट्यानं वाजवलं असेल मिनिटभर, उजव्या हातात लय आणि डावीनं नुसत्या झांजांची सळसळ, कधी शिकला मला माहीत नाही, मी पेटीवरचा हात उचलून पाहतच राहिलो आणि परत पट्टीत यायला चुकलो. चूक माझी झाली, पोरांची नाही. समोर एक म्हातारे बसले होते धोतर टोपीतले, चंद्रपूरकडचे निघाले, ते मागच्या पोरांसोबत शेवटपर्यंत टाळी धरून होते.

जयघोष आमच्या १४ च्यानं दोनदाच दिला. दुसऱ्यांदा आवाज फाटला आणि कोणी हसलं नाही.

समुद्र दाखवला दुसऱ्या दिवशी सकाळी, लोकलनं दादरला जाऊन. ११ चा म्हणे, एवढंच? गोरेवाड्याच्या तलावासारखाच आहे, फक्त पलीकडचं दिसत नाही.

मानधनातून ९०० रुपयाचा मोठा दाया घ्यायचा का म्हणून पोरांमध्ये वाद चालू आहे.

---

तबल्याची_शाई:

९०० मध्ये दाया येत नाही, ज्यानं सांगितलं त्याच्याकडून घेऊ नका. रविवारी महालला या, बघू. आणि हातोडी नेली होती का?

---

पेटीवाला_नंदनवन:

नेली होती सर. आणली नाही. प्रत्येकाचं वाद्य मोजलं, हातोडी कोणाच्या डोक्यावर नव्हती.